तहानलेलं डावं चाक

अक्का, आपल्या गाडीचं दुखणं सापडलं. दादांनी मला बजावलंय, हे तुम्हाला सांगायचं नाही. तुम्हाला जाऊन महिना होत आला. आता सांगायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं नाही, ते त्यांनाही माहीत नसावं. दादा तुमचे मालक, माझे थोरले दीर, त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. पण गाडीच्या बाबतीतली एकही गोष्ट तुमच्यापासून लपवली नाही, हेही तितकंच खरं. इतके दिवस मनात घोळवलं आणि शेवटी निकाल तुमच्या बाजूनं लागला. नेहमी लागतो तसाच.

जावा-जावांची भांडणं लोक चवीनं सांगतात. आपलं तर गावभर माहीत होतं, फक्त त्याचं कारण कुणाच्या डोक्यात शिरत नसे. वाटणीवरून नाही, पोरांवरून नाही, चुलीवरून नाही. आपण भांडायचो ते गाडी डावीकडे का ओढते यावरून. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल सोडलं की ती हळूच डाव्या अंगाला जायची. आणि ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायचं, उतारावर तर थंडीनं दात वाजावेत तसं. ही दुखणी दोन की एकच, यावर आपण घोडेगावपासून घरापर्यंत वाद घातलेला आहे. तुमचं म्हणणं, रस्ताच कडेला उतरता असतो, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून, मग गाडी बिचारी काय करणार. माझं म्हणणं, डावीकडच्या सीटवर तुम्ही बसता. मी असं म्हटलं की तुम्ही पदर सावरून एकदम ताठ बसायचात, जणू तेवढ्यानं वजन कमी होणार होतं.

गाडी दादांची. त्यांनी ती एका निवृत्त गुरुजींकडून घेतली तेव्हाच तिची उमेदीची वर्षं सरली होती. पारव्या रंगाची, चाकांवरच्या टोप्या केव्हाच गळून पडलेल्या. मग दादांच्या डोळ्यांचं निघालं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद म्हणून सांगितलं. माझे मालक चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येणार. तुमचा प्रवीण पुण्यात. गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या. मी शिवलेल्या ब्लाऊजांची गाठोडी घेऊन एसटीनं खिंड ओलांडून घोडेगावच्या दुकानांना द्यायला जायची. येताना एसटी चुकली की स्टँडवर बसून राहायची. एक दिवस अशीच उशिरा, चिडून घरी आले, आणि तुम्ही भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, "शालन, ती गाडी तू शीक. कोंबड्यांना काय, दुसरी जागा मिळंल."

शिकवायला माझे मालक दोन रविवार बसले. दोन्ही रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मग शेजारी तुम्ही बसलात. तुम्हाला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला शिकवायला तसंच कुणीतरी हवं होतं. टोमॅटोचा हंगाम संपला की नारायणगावच्या मार्केटचं आवार मोकळं पडतं. शेजारचा ट्रॅक्टरवाला गाडी तिथवर आणून द्यायचा आणि चहा पीत बसायचा. तुम्ही मांडीवर पिशवी घट्ट धरून बसायचात आणि "ब्रेक" म्हणायचात. समोर खड्डा असो, कुत्रं असो की काहीच नसो, "ब्रेक." मधूनच पिशवीत तोंड खुपसून काहीतरी शोधायचात, ते कधी सापडलेलं मी पाहिलं नाही. येणारेजाणारे थांबून हसायचे. एकानं जवळ येऊन विचारलं, बायांनो, हे काय चाललंय. तुम्ही काच खाली केलीत आणि म्हणालात, "पावणं, जरा बाजूला व्हा. हिला अजून थांबता येत न्हाई." ते पाहुणे असे बाजूला झाले की पुन्हा त्या आवारात दिसले नाहीत.

त्या आवारात मी क्लच सोडायला शिकले, मागे घ्यायला शिकले, आणि लोक बघत असताना चुकायलाही शिकले. घोडेगावच्या दुकानांना आळेफाट्याची दुकानं जोडली. लेकीला कॉलेजला सोडलं, आणलं. अडलेल्या बायांना दवाखान्यात पोचवलं. हे सगळं तुमच्यामुळे, असं मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही काहीतरी उतू चाललंय म्हणून उठून आत गेला असतात. आता उठून जाता येणार नाही तुम्हाला, म्हणून बोलते. मला पाय फुटले ते तुमच्यामुळे, अक्का. आईनं चालायला शिकवलं, पण कुठं जायचं ते आपलं आपण ठरवायला तुम्ही शिकवलंत.

आता पाण्याचं. आपल्याकडे नवा बैल दारात आला की त्याच्या खुरांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग तो घरचा होतो. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तुम्ही तिच्या चाकांवर तसंच पाणी घातलंत. इथवर सगळ्याच बाया करतात. पण तुम्ही ते थांबवलंच नाहीत. आपलं घर खिंडीचा उतार संपतो तिथं. गाडी खिंडीतून खाली आली की तुम्ही दारात तांब्या घेऊन उभ्या. स्वतः गाडीत असलात तर मी किल्ली काढेपर्यंत तुम्ही उतरून, आत जाऊन, तांब्या भरून परत. ओट्याच्या बाजूला गाडीचं डावं अंग येतं, म्हणून तांब्या रिकामा व्हायचा तो पुढच्या डाव्या चाकावर. उरलंसुरलं उजव्याला, शिंपडल्यापुरतं. डाव्या चाकातून चर्रर्र आवाज यायचा, वाफ निघायची. "बघ, कशी तहानली व्हती," तुम्ही म्हणायचात. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, त्या उजव्याला मेलं कुणी विचारत नाही. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "त्याला तहान नाय. डावंच तहानतं. रोज बघती मी."

रोज रोज कशाला, असंही मी विचारलं होतं. पाणी लांबून आणावं लागायचं तेव्हाची गोष्ट, उन्हाळ्यातली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. "त्या खिंडीनं लई माणसं खाल्ली, शालन," तुम्ही म्हणालात. "तुला आणलं ना तिनं घरी? मग तिचं पाय धुवाया नकोत?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग स्टेअरिंग फारच थरथरायला लागलं, म्हणून जुन्नरला सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. सलीमभाई कामाला चोख पण तोंडानं फटकळ. म्हणाले, डिस्क वाकली. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरत असते, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. थाळी वाकडी झाली की प्रत्येक फेऱ्याला चिमटीला हिसका बसतो आणि तोच स्टेअरिंगपर्यंत येतो. त्यांनी नवी डिस्क बसवली. गाडी शहाण्यासारखी चालली आणि काही महिन्यांत पुन्हा थरथरायला लागली. वर डावीकडे ओढायलाही लागली. सलीमभाई म्हणाले, ताई, तुम्ही खिंडीत ब्रेकवर पाय ठेवूनच उतरता. मी म्हटलं, तुमची डिस्कच हलकी. तुम्ही म्हणालात, दृष्ट लागली, आणि गाडीला पुढून काळी बाहुली बांधलीत. पुढच्या खेपेला सलीमभाई बाहुलीकडे बघून मिशीत हसले, तेव्हा मी तुमच्या बाहुलीच्या बाजूनं त्यांच्याशी भांडले. माझा तिच्यावर विश्वास होता असं नाही.

मंचरच्या दवाखान्यात तुम्हाला नेलं त्या सकाळीही तुम्ही डावीकडेच बसलात. मागं आडव्या व्हा म्हटलं तर ऐकलं नाहीत. तुमचा श्वास जड झालेला, आणि मी घाईत. गतिरोधकापाशी ब्रेक दाबला, स्टेअरिंग थरथरलं, आणि तुम्ही पुढे डॅशबोर्डवर हात ठेवलात, गाय बिथरली की तिच्या पाठीवर ठेवायचात तसा. "हळू," म्हणालात, "तिला घाई करू नको." मग बऱ्याच वेळानं, "अजून डावीकडंच ओढती का गं?" मी म्हटलं, हो. "रस्ताच तसा हाय," तुम्ही म्हणालात. मी वाद घातला नाही. त्या दिवशीचं पुढचं मी सांगत नाही.

तुमच्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली ती दहाव्याचं सामान आणायला. शेजारची सीट रिकामी. खरं सांगते, मला वाटलं होतं, आता गाडी सरळ चालणार. इतकी वर्षं तुमच्या वजनाला नावं ठेवली होती ना मी. सरळ रस्त्याला लागले आणि स्टेअरिंग सैल सोडलं. गाडी डावीकडेच गेली. तुम्ही नसतानाही ती तुमच्याच बाजूला जात होती. मी ती कडेला घेतली आणि पोटभर रडले. मग किराणा घेऊन घरी आले.

दहाव्याला सगळे जमले होते तेव्हा प्रवीण म्हणाला, तेरावं झालं की ही गाडी भंगारात देऊन टाकतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काकी, आई गेली. त्या थरथरत्या गाडीनं खिंडीत तुझं काही बरंवाईट झालं तर?" पोराचे डोळे सुजलेले. मला राग आला होता, पण तो काढायला तोंड सापडेना. माझ्या मालकांनीही मान हलवली. दादा भिंतीला टेकून बसले होते. गाडी गेली असती तर मी पुन्हा गाठोडी घेऊन एसटीच्या स्टँडवर. ते एक वेळ चाललं असतं. पण तुमची ती सीट, पिशवी ठेवून ठेवून मधे दबलेली, ती कुणीतरी उचलून भंगाराच्या ढिगावर टाकणार, हे मला सहन होईना. तेराव्याच्या आत दुखणं शोधून काढायचं, मी ठरवलं.

पहिल्यांदा तुमचा मुद्दा घेतला, कारण शेवटचा शब्द तुमचा होता. कालव्याच्या कडेचा रस्ता सकाळी रिकामा असतो. तिथं मी गाडी मुद्दाम उजव्या कडेनं चालवली, म्हणजे रस्त्याचा उतार उजवीकडे. रस्त्याचा दोष असता तर ती उजवीकडे गेली असती. गेली डावीकडेच. म्हणजे माझं वजनाचं खोटं ठरलं होतं आणि तुमचं रस्त्याचंही. दोघी हरलो, याचं मला त्या सकाळी बरं वाटलं. मग वारूळवाडीच्या पंक्चरवाल्याकडून पुढचे दोन्ही टायर आपसात बदलून घेतले. टायर खराब असेल तर ओढ दुसऱ्या बाजूला जायला हवी. ती जागची हलली नाही. मग थरथरीचं बघितलं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, म्हणून रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू असताना तो अलगद ओढला. गाडी निमूट थांबली, कुठं थरथर नाही. म्हणजे मागची चाकं निर्दोष. दोन्ही दुखणी पुढे.

सुतकात बाई गाडी घेऊन भटकते, हे माझ्या कानावर येतच होतं. दुपारी भेटायला आलेल्या एका बाईनं तर तोंडावर विचारलं, कुठं गं सारखी जातीस. तुम्ही असता तर काच खाली केली असतीत. मी नुसतं म्हटलं, अक्कांचंच काम चाललंय.

आता चाकांचा ताप बघायचा राहिला होता. खिंडीच्या माथ्यावरून मी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत खाली आले. ब्रेक वापरलेच नाहीत तर चाकं तापायचं कारण नाही. अंगणात गाडी उभी केली, उतरले, उजव्या चाकाला हात लावला. कोमट. डाव्या बाजूला वळणार, तोच ओट्यावरून दादा उतरताना दिसले. पायानं पायरी चाचपत, हातात तुमचा तांब्या.

अक्का, लग्न होऊन आल्यापासून मी दादांना स्वतःच्या हातानं प्यायचं पाणीही घेताना पाहिलं नव्हतं. ते गाडीपाशी आले, बॉनेटवर हात ठेवून अंदाज घेतला, वाकले, आणि डाव्या चाकावर तांब्या रिकामा केला. चर्रर्र झालं. वाफ त्यांच्या तोंडावर आली तशी त्यांनी मान मागे घेतली. "तहानली व्हती," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःशी, कळलं नाही. मी पदर तोंडाला लावून घरात गेले.

कणिक मळता मळता माझ्या ध्यानात आलं. ब्रेक न मारता खाली आलेली गाडी, उजवं चाक कोमट, आणि डाव्यावर पाणी चरचरतंय. म्हणजे ब्रेक सोडल्यावरही डाव्या चाकाला आत काहीतरी धरून ठेवतंय. धरून ठेवतंय म्हणून ते तापतंय, आणि म्हणूनच गाडी डावीकडे ओढतेय. डावंच तहानतं, हे तुम्ही मला रोज सांगत होतात. आपण दोघी तो आवाज रोज ऐकत होतो आणि त्याच गाडीत बसून रस्त्यावरून नि वजनावरून भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंकडे गेले. म्हटलं, डावं चाक उघडा, आत ब्रेक सुटत नाहीये. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि जॅक लावला. चिमटी ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकते त्या गंजून घट्ट बसल्या होत्या, हातोडीनं ठोकून काढाव्या लागल्या. उजव्या चाकाच्या मात्र धडधाकट. डिस्क पुसून त्यांनी उजेडात धरली, तिच्यावर निळे डाग. "ताई, तापल्या डिस्कवर पाणी पडतंय," ते म्हणाले. "त्यानंच वाकतीय. आन् पिना बी पाण्यानंच धरल्यात. पहिली डिस्क बदलली तवा चांगल्या व्हत्या. कोण मारतं पाणी?"

मला तुम्ही दिसलात. तांब्या हातात, पदर खोचलेला, दारात उभ्या. दोन दुखणी की एक, हा आपला वाद तिथं त्या गॅरेजच्या फरशीवर मिटला. एकच होतं. तुमच्या पाण्यानं पिना गंजल्या म्हणून चाक धरलं, धरलं म्हणून तापलं, तापल्यावर पुन्हा तुमचंच पाणी पडलं म्हणून डिस्क वाकली. खिंडीतून आली म्हणून तुम्ही जिचे पाय धूत होतात, तिचेच पाय दुखत होते.

सलीमभाई उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "मीच धुते. घरी आल्या आल्या."

मग काय विचारता. मी सांगितलं नव्हतं का, चूक तुमचीच असणार, अशी त्यांनी सुरुवात केली आणि पिनांना ग्रीस लावून नवी डिस्क बसेपर्यंत मला सोडलं नाही. एरवी मी त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नसता. त्या दिवशी स्टुलावर बसून मान डोलावत राहिले. तुमचं नाव त्या गॅरेजमध्ये मी काढू शकत नव्हते. येताना लेण्याद्रीच्या फाट्याजवळ गाडी उभी केली आणि एकटीच हसत सुटले. एक म्हातारे गृहस्थ थांबून विचारू लागले, काय झालं बाई. त्यांना काय सांगणार होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रवीण पुण्याला निघायचा होता. त्याला म्हटलं, एकदा खिंडीतून माझ्याबरोबर उतर, मग काय ते ठरव. तो तुमच्या जागेवर बसला. मी मुद्दाम ब्रेक मारत उतरले, दर वळणाला, कधी हळू कधी जोरात. स्टेअरिंग गप्प. एकदा हात सैल सोडले, गाडी सरळ. प्रवीण आधी स्टेअरिंगकडे बघत होता, मग रस्त्याकडे बघायला लागला. शेवटच्या वळणाला समोर काहीही नसताना तो म्हणाला, "ब्रेक." म्हणाला आणि लगेच तोंड खिडकीकडे फिरवलं. मी ब्रेक मारला. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "ठेव काकी गाडी. पण दर महिन्याला दाखवत जा."

दादा ओट्यावर तांब्या घेऊन तयारच होते. प्रवीण बॅग भरायला आत गेला. दादा पायरी उतरले तशी मी पुढे झाले आणि म्हटलं, "दादा, थांबा." थोरल्या दिरांना मी कधी असं बोलले नव्हते, तेही चमकले. मी म्हटलं, चाक गरम आहे, निवू द्या, मग घाला. का, त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. पण गाडी त्यांची, त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवलेली, त्यांना काय सांगायचं. त्यांचं त्यांनीच जुळवलं.

"म्हंजे पाण्यानं वाकत व्हती व्हय?"

"गरम असताना घातलं की," मी म्हटलं.

ते तांब्यात बघत उभे राहिले. त्यांना त्यातलं कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. मग खालच्या आवाजात, तुम्ही आत चुलीपाशी आहात आणि ऐकाल अशा बेतानं म्हणाले, "तिला सांगू नको. लई लागंल तिला."

मी म्हटलं, नाही सांगत.

आणि आज सांगतेय. मनाला लावून घेऊ नका, अक्का. डिस्क पुन्हा मिळते, पिनांना ग्रीस लावता येतं. तुम्ही पाणी घातलं नसतं तर गाडी नीट राहिली असती, हे खरं. पण मग खिंड उतरताना, धुक्यात, पावसात, समोरून ट्रक अंगावर येत असताना, खाली आपली कुणीतरी वाट बघतंय हे मला कसं माहीत असतं. त्या तांब्यासाठी मी सावकाश उतरले, दर वेळी. सलीमभाईंना हे सांगून कळलं नसतं, आणि तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

आता रोजचं असं झालंय. गाडी दारात आली की दादा तांब्या भरून आणतात आणि ओट्यावर ठेवतात. चाक निवेपर्यंत ते त्या टोकाला बसतात, मी या टोकाला. इतकी वर्षं एका घरात राहून आमचं बोलणं जेवण वाढलंय, दूध काढलंय, एवढंच. आता ते बोलतात. सगळं तुमच्याबद्दल. परवा म्हणाले, तुम्हाला गाडीचा भारी त्रास, मळमळायचं, लग्नाची वरात निघाली तेव्हा जीपमधून उतरून तुम्ही निम्मी वाट पायी आलात. मी म्हटलं, पण माझ्याबरोबर तर कुठंकुठं आल्या. "पिशवीत लिंबू असायचं," ते म्हणाले. "हुंगत बसायची."

मी त्या मार्केटच्या आवारात गाडीच्या धक्क्यांनी तुमचा जीव नकोसा करत होते, आणि तुम्ही पिशवीत तोंड घालून लिंबू हुंगत होतात. वर काढून पुन्हा "ब्रेक." एवढं करून मला शिकवलंत आणि कळूही दिलं नाहीत. अक्का, तुमचे उपकार मोजायचं मी सोडून दिलंय. मी रोज सावकाश उतरत जाईन, एवढं करीन.

बोलता बोलता दादा थांबतात. उठतात, डाव्या चाकापाशी जातात, हाताची पालथी बाजू लावून बघतात. "निवलं," म्हणतात, आणि तांब्या ओततात. आवाज होत नाही.